अक्का नको म्हणाली होती

मी कधीच न लिहिलेल्या एका वाक्याबद्दल नाशिकच्या एका बाईंनी फोन करून माझं अभिनंदन केलं, आणि तिथून हा सगळा घाणेरडा प्रकार मला कळायला सुरुवात झाली. बाई निवृत्त शिक्षिका होत्या, बोलायला अगदी गोड. म्हणाल्या, "तुमचं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. 'स्वयंपाकघर हे स्त्रीचं पहिलं विद्यापीठ आणि चूल ही तिची पहिली गुरू.' किती आतून आलंय हो!" मी म्हटलं, "कुणाच्या तरी आतून आलं असेल, माझ्या नाही." त्यांना वाटलं मी विनय करतेय. हसल्या आणि पुढच्या पुस्तकाला शुभेच्छा देऊन मोकळ्या झाल्या.

मी फोन ठेवला. असलं वाक्य मी लिहिलं असतं तर साबणाने हात धुतले असते. मेलेल्या वाक्याचा वास मला लांबून येतो, कारण मी त्याच धंद्यात होते. चेन्नईत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात राजभाषा विभागात मी तीस वर्षं काढली. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करणं हे माझं काम. ती हिंदी परिपत्रकं या शहरात कुणी वाचत नसे. ती वाचायची नसतच, फायलीला जोडायची असत. 'उपर्युक्त विषय के संदर्भ में' असली वाक्यं मी पोत्यांनी पाडली आणि आज त्यांच्यावर पेन्शन खातेय. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता मरायच्या आधी एक तरी जिवंत गोष्ट लिहायची आणि ती मराठीत लिहायची. म्हणून ते पुस्तक.

पुस्तक म्हणजे मैलापूरच्या एका बाईच्या स्वयंपाकघराची हकिगत. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. वय चौऱ्याऐंशी. माणसं तंजावरकडची मराठी, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात मुरलेली. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बदलीने इथे आलेली. अक्काचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, जुन्या बखरीतला कुणी कारकून उठून तमिळ हेल काढून बोलतोय. हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण तिच्यापुढे माझंच मराठी वर्तमानपत्री वाटायला लागलं.

चार वर्षं दर गुरुवारी मी तिरुवान्मियूरहून एमआरटीएसच्या लोकलने मैलापूरला जायचे. अक्का दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. मुलगा दुबईला, नात तिच्याजवळ; ती अक्काला पाटी म्हणते, तमिळमध्ये आजी. मी विचारायचे, ती सांगायची, मी घरी येऊन लिहायचे आणि पुढच्या गुरुवारी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. तिला देवनागरी स्तोत्रांपुरती येते, बाकी वाचन तमिळ. त्यामुळे मी मोठ्याने वाचायचं, तिने कढीलिंबाची पानं ओरबाडत डोळे मिटून ऐकायचं, आणि जे आवडलं नाही तिथे एकच शब्द बोलायचा: "वेंडाम्." तमिळमध्ये नको. का नको, ते सांगायची नाही. मी पेन्सिलीने त्या ओळीवर खूण करायचे आणि घरी जाऊन ती ओळ काढून टाकायचे. हा आमचा करार होता. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, "अक्का, तुम्ही नको म्हणाल ते छापणार नाही." ती म्हणाली होती, "सरी. बघूं." म्हणजे ठीक आहे, बघू या.

मी शब्द पाळला. सोपं नव्हतं. सुनेशी झालेलं भांडण गेलं, नणंदेच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या, सासऱ्यांचं एक लफडं गेलं. चाळीसेक कागद तरी गेले असतील. लिहिणाऱ्या माणसाला असलं काही काढून टाकायचं म्हणजे पंगतीत वाढलेली पुरणपोळी उचलून नेल्यासारखं वाटतं. पण गेलं ते गेलं.

आणि मग ते केळीचं पान.

मार्गशीर्षात एका तिथीला अक्काच्या घरी, जेवायला जितकी माणसं असतील त्याहून एक पान जास्त मांडतात. पुढे पाट ठेवतात. मिठापासून ताकभातापर्यंत त्या पानावर सगळं रीतीने वाढतात आणि पाटावर कुणी बसत नाही. सगळ्यांची जेवणं उरकली की अक्का ते पान स्वतः उचलते, लिफ्टने खाली नेते आणि गल्लीतल्या गाईला घालते. साठ वर्षं हे चालू आहे. घरात कुणी विचारत नाही. मुलाला वाटतं, काहीतरी कुळाचार असेल.

मी विचारलं. अक्काने सांगितलं, दोन गुरुवार लागले तिला सांगायला. मी ते लिहून काढलं आणि सांगायला हरकत नाही, चार वर्षांत मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं होतं. वाचून दाखवलं. कढीलिंबाची जुडी तिने त्या दिवशी हातात घेतलीच नव्हती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "वेंडाम्."

"यातलं काय नको, अक्का?"

"सगळें. पान मांडतें, तें लिही. कोणासाठी, तें नको. आणि तुला ठाऊक आहे, हेंही नको लिहूं. माझ्या पोरास ठाऊक नाहीं. नातीस ठाऊक नाहीं. मी जाईन तेव्हां माझ्याबरोबर जाईल."

मी चिडले. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. दोन दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी फाडला. पुस्तकात लिहिलं, 'त्या दिवशी एक पान जास्त मांडतात. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.' सबंध पुस्तकातलं हे एकच खोटं वाक्य, आणि ते मी अक्कासाठी लिहिलं. पुढच्या गुरुवारी तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि आत जाऊन कॉफी केली.

आता 'मला ठाऊक आहे' हे इथे लिहितेय, ते तिला विचारूनच. ती म्हणाली, "कागदावर छापणार असशील तर लिही. पोरीस मराठी वाचतां येत नाहीं." कुणासाठी, ते मात्र इथेही लिहिणार नाही. तुम्ही विचारू नका.

पुस्तक पुण्याहून निघालं. प्रकाशक घरच्यासारखे. आमच्याकडे प्रकाशक घरचा असतो, हीच सगळी गोम आहे. तो तुम्हाला 'ताई' म्हणतो, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतो आणि त्याच्यापुढे करार वाचायला मागणं म्हणजे पंगतीला बसल्यावर यजमानाला 'तेल ताजं आहे ना?' विचारणं. 'आपल्यात कागद कशाला?' असं म्हणायचं, आणि कागद आलाच तर सही करून टाकायची. वर्षभराने त्यांनी कळवलं, ताई, पुस्तक डिजिटल करू या, परदेशातली मुलं वाचतील. व्हॉट्सअॅपवर बारा कागदांचा इंग्रजी करार आला. तीस वर्षं मी इंग्रजी सरकारी कागद फोडून खाल्ले, एका स्वल्पविरामावरून साहेबांशी वाद घातले, आणि माझ्या स्वतःच्या पुस्तकाचा करार मी झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या, छत्री काखेत धरून, शेवटचा कागद उघडून सही करून पाठवला. नातं टिकावं म्हणून. हा मूर्खपणा फक्त आमचाच. तमिळ लेखक निदान भावाला तरी वाचायला देतो.

नाशिकच्या बाईंच्या फोननंतर मी ते डिजिटल पुस्तक पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. वरच्या कोपऱ्यात एक गोल बटण. त्यात एका बाईचं चित्र: नाकात नथ, कानात मोत्यांच्या कुड्या, गालात गोड हसू. मी लग्नानंतर नथ घातलेली नाही आणि गालात हसायची मला सवय नाही. खाली लिहिलेलं, 'लेखिकेशी गप्पा मारा'. बटण दाबलं.

"नमस्कार! मी या पुस्तकाची लेखिका. तुमच्याशी संवाद साधायला मला खूप आवडेल."

अंगावर पाल पडावी तसं झालं. मी लिहिलं, अक्काकडे चूल होती का? "हो! अक्कांच्या चुलीचा धूर आजही माझ्या आठवणींत दरवळतो." अक्काकडे आयुष्यात चूल नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता आणि नंतर गॅस आला. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय. मी विचारलं, अक्का कधी रडली का? "अनेकदा. त्या क्षणी आम्हा दोघींत शब्दांपलीकडचं नातं निर्माण झालं." चार वर्षांत मी अक्काच्या डोळ्यांत पाणी बघितलं ते फक्त छोटे कांदे सोलताना.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की माणूस भांडतो, मोकळा होतो. ही किळस होती. चार वर्षांचा माझा घास कुणीतरी तोंडात घेऊन, चावून, गिळगिळीत करून लोकांच्या तोंडात घालत होतं, आणि वर सांगत होतं की हा माझाच हात आहे. कढी-आमटी बिघडली तर ओतून देता येते. हे ओतायचं कुठे?

ते डिजिटल पुस्तक जिथे विकायला होतं, त्या ऑनलाइन दुकानात माझ्या पुस्तकाच्या शेजारी तंजावरी स्वयंपाकावरची आणखी तीन पुस्तकं लागलेली दिसली. लेखिकांची नावं आणि चेहरे असे गुळगुळीत, की अशी माणसं जन्माला येत नाहीत. एकीच्या हाताला सहा बोटं आणि पुढ्यात तंदुरी नान. एका पुस्तकात डांगर पच्चडी म्हणजे भोपळ्याची कोशिंबीर असं छापलंय. डांगर पच्चडी उडदाच्या भाजलेल्या पिठाची असते, दह्यात कालवलेली; तिचा भोपळ्याशी काडीचा संबंध नाही. तरी तिन्ही पुस्तकांना वाचकांच्या माझ्यापेक्षा जास्त चांदण्या.

पुण्याला फोन लावला.

"ताई, ते मशीन आहे हो. एवढं मनाला लावून घेऊ नका. वाचकांना आवडतंय, लोक विचारतायत."

"ते माझ्या नावाने खोटं बोलतंय."

"सुधारेल. रोज शिकतंय म्हणे ते."

"माझ्या पुस्तकावर कशाला शिकतंय? बंद करा."

"आपल्या हातात नाही. करारात आहे, वाचकांना साहाय्य म्हणून. तुम्ही सही केलीय, मीही केलीय."

"तुम्ही वाचला होता करार?"

"तुम्ही वाचला होतात?"

मग त्यांनी विचारलं, चेन्नईत पाऊस कसा आहे.

ते दुकान चालवणाऱ्या कंपनीला मी तक्रार लिहिली. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.' दोन मिनिटांत माझ्या भावना समजणारं माणूस अजून जन्माला यायचंय, तेव्हा हेही तेच असणार हे मी ओळखलं. अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. या बाबतीत मात्र सरकारी नोकरी कामी आली. तीन महिन्यांनी त्यांनी पुस्तक दुकानातून काढलं. ज्यांनी आधीच घेतलं होतं त्यांच्याकडे ते बटणासकट तसंच राहिलं.

पण त्या तीन महिन्यांच्या आतच अक्काचा फोन आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. एकच शब्द बोलली, "ये."

गुरुवार नव्हता. मी गेले. दार उघडं होतं, अक्का खुर्चीत बसली होती. कॉफी घेतेस का, असं तिने विचारलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

"माझें एक बाळ गेलें, असें तूं लिहिलेंस?"

"नाही, अक्का!"

"पोरगी काल गळ्यांत पडून रडली. पाटी, तुझें बाळ गेलें आणि तूं मला कधीं सांगितलें नाहींस, म्हणते. त्याच्यासाठी पान मांडतेस, म्हणते. माझें कुठलें बाळ गेलें गे? एकच पोर झाला, तो दुबईस बसला आहे. मी म्हटलें, कोणी सांगितलें? ती म्हणे, आंटीनें. फोनांत. तुझ्या तोंडानें ऐकलें, म्हणे."

मी समजावलं. म्हटलं, यंत्र आहे, अक्का. सगळं पुस्तक वाचतं, आणि जिथे काही लिहिलेलं नसतं तिथे काहीतरी आपलं भरून देतं. अक्काने नीट ऐकून घेतलं. ती यंत्रांना घाबरणारी बाई नाही. दुबईशी रोज व्हिडिओवर बोलते.

"रिकामी जागा तूं ठेवलीस," ती म्हणाली. "मी सांगितलें म्हणून ठेवलीस. तें त्यास कोणी सांगितलें नाहीं?"

"कोण सांगणार, अक्का?"

"तूं."

तिने बोटाने हवेत पेन्सिलीची खूण काढली.

"मी वेंडाम् म्हटलें. तूं पेन्सिलीनें खूण केलीस, मी बघितली. ती खूण कोठें गेली?"

खूण कुठे जाणार? उरलेलं तेवढं छापतात. माणसाने काय नको म्हटलं, कुठे जीभ आवरली, कुणाच्या इभ्रतीसाठी कुठली ओळ गिळली, याची खूण छापत नाहीत. वाचणारं माणूस असेल तर त्याला अंदाज येतो. एखाद्याच्या घरी आतल्या खोलीचा पडदा ओढलेला दिसला की आपण बाहेरच बसतो. या निर्लज्ज यंत्राला पडदा दिसतच नाही. त्याला तिथे फक्त काहीतरी कमी आहे एवढंच दिसतं.

मी म्हटलं, "मी तुमच्या नातीला सांगते की हे खोटं आहे."

"सांग," अक्का म्हणाली. "मग ती विचारील, खरें काय."

नात सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सत्तावीस-अठ्ठावीसची, हुशार, मनाने फार चांगली मुलगी. तमिळ आणि इंग्रजी अस्खलित, मराठी कळतं निम्मं. घरी बोलणं नको म्हणून मी बसने सिरुसेरीला गेले आणि तिच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर ज्यूसच्या दुकानात तिला भेटले. गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून ती जेवणाच्या सुट्टीत पळत आली. मला बघितल्याबरोबर तिने माझे दोन्ही हात धरले.

"थँक यू, आंटी," ती म्हणाली. "मला ती अक्षरं वाचता येत नाहीत ना. मी ऑफिसच्या बसमध्ये जाता-येता तुमचं सगळं पुस्तक इंग्लिशमध्ये ऐकलं. मग तुमच्याशी बोलले. पाटीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. काहीच!"

या मुलीला मी रागवू कशी? माझं पुस्तक इतक्या मायेने कुणी ऐकलं नसेल. मी शक्य तितक्या हळू तिला म्हटलं, "अगं, ती मी नव्हे. ते बाळाचं खोटं आहे. त्या यंत्राने मनाने रचलंय."

तिच्या कपाळावर आठी पडली. "पण आंटी, तुम्ही पुस्तकात लिहिलंय ना, कुणासाठी ते मी विचारलं नाही?"

"हो."

"मग हे खोटं आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यांच्या कामात चूक शोधायची असते, तशी तिने ती शोधली. बरोबर बोट ठेवलं. मी अक्काला झाकायला घातलेल्या माझ्या एकुलत्या एका खोट्या वाक्याने माझंच तोंड बांधून टाकलं. मला माहीत आहे असं म्हणावं तर अक्काचा शब्द मोडतो, माहीत नाही म्हणावं तर त्या यंत्राइतकंच मलाही ठाऊक. मी उसाचा रस ढवळत बसले.

"थांबा, मी त्यालाही हे विचारलं होतं," ती म्हणाली आणि फोन काढला. "तुम्ही विचारलं नाही असं लिहिलंत, मग आता कसं सांगताय, असं. बघा." तिने आवाज लावला. दुकानाच्या गोंगाटात एका बाईचा मऊ, ओला इंग्रजी आवाज यायला लागला. अक्कांनी ते मला पुस्तक छापून झाल्यावर सांगितलं, तो आवाज म्हणत होता. सात महिन्यांची मुलगी होती. मी त्यांचा हात हातात घेतला.

नातीचे डोळे भरून आले. माझ्या समोर बसून मीच बोलत होते, माझ्यापेक्षा गोड, माझ्यापेक्षा समजूतदार, आणि एक न जन्मलेलं मूल सात महिन्यांचं करून मारत होते. त्या मुलीने कुणावर विश्वास ठेवावा? समोरच्या म्हातारीकडे 'खोटं आहे' एवढे दोनच शब्द होते. त्या आवाजाकडे सगळं काही होतं.

"पाटीने तुम्हाला नको म्हटलं असेल बोलायला," ती माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली. "इट्स ओके, आंटी. मी समजू शकते."

तिची सुट्टी संपली. रसाचे पैसे तिनेच दिले, मला देऊ दिले नाहीत.

मी अक्काला जे झालं ते सांगितलं. म्हटलं, एक मार्ग आहे, तुम्ही खरं सांगून टाका. अक्काने कढीलिंबाची जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "साठ वर्षें पाळलें, तें एका फोनासाठी सांगूं?" आणि थोड्या वेळाने, "पोरीचें बरोबर आहे गे. ती आपली मायेनें करते. पापम्." पापम् म्हणजे बिचारी. तिला म्हणत होती की मला, विचारायचं धाडस झालं नाही.

मार्गशीर्ष आला. तिथीच्या दिवशी अक्काने मला जेवायला बोलावलं. नातीने रजा घेतली होती. याआधी या दिवशी ती घरी नसायचीच. यंदा पहाटे उठून तिने अर्धा स्वयंपाक केला होता. चार पानं मांडली होती. अक्काचं, नातीचं, माझं आणि ते.

त्या पानावर वाढायचं काम अक्काचं. दरवर्षी ती मिठानंतर पहिल्यांदा डांगर पच्चडी वाढते, त्यात हिरव्या मिरच्या चिरून नाही, अख्ख्या ठेचून घातलेल्या. ज्या माणसासाठी ते पान असतं ते तिखट खाणारं होतं, एवढं मला सांगायची परवानगी आहे. अक्का पच्चडीचं भांडं घेऊन वाकली आणि नातीने हळूच तिचा हात धरला.

"पाटी, वेंडाम्," ती म्हणाली. "बाळाला तिखट कसं चालेल?"

मग तिने त्या पानावर मऊ गुरगुट्या भात वाढला, तूप घातलं, बोटांनी कुस्करला. शेजारी चांदीचं छोटं बोंडलं ठेवलं, दुधाने भरलेलं, ते ती मुद्दाम विकत घेऊन आली होती. पाटाजवळ एक खुळखुळा ठेवला. मग हात जोडले. तिच्या हयात नसलेल्या, कधीच नसलेल्या आत्यासाठी ती अगदी मनापासून रडत होती, आणि त्या मुलीवर मला माया येत होती आणि त्या कुस्करलेल्या भाताकडे बघवत नव्हतं.

अक्का भांडं हातात धरून तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. एक वाक्य पुरे होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती वळली, पच्चडीचं भांडं आत ओट्यावर ठेवून त्यावर झाकण घातलं, आणि येऊन आपल्या पानावर बसली.

साठ वर्षांत पहिल्यांदा ते माणूस त्या घरातून उपाशी गेलं. आम्ही तिघी जेवलो. नातीने विचारलं, "आंटी, भात बरा झालाय ना?"

मी म्हटलं, "छान झालाय."